जुन्या तारखेचं नवं सोनं

फिलाडेल्फियात थंडी पडली आहे. महिना नोव्हेंबर, साल १८३४. चेस्टनट आणि जुनिपर हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर पांढऱ्या संगमरवराची, ग्रीक देवळाच्या खांबांची एक इमारत आहे. तिच्या पायऱ्या तुम्ही चढताय. ही अमेरिकेची टांकसाळ. वास्तू इतकी नवी, की कारभार इथे हलून दोन वर्षंही झालेली नाहीत.

खिशात दहा डॉलर आणि वर थोडी मोड असू द्या, लागणार आहे.

आधी आटणीच्या खोलीकडे चला. मुशी लाल झाल्यात, धग दारापर्यंत येते. बाजूच्या मेजावर सोन्याच्या नाण्यांचा ढीग आहे. चांगली, धड, खणखणीत नाणी आटवायला आणली आहेत, आणि आणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही. कारण असं, की १७९२च्या कायद्यानं अमेरिकेनं सोन्याचा भाव चांदीच्या पंधरा पट धरला. युरोपात तो साडेपंधरा, कधी त्याहून वर. मग व्यापाऱ्यानं दुसरं काय करावं? चांदी मोजून अमेरिकी सोन्याची नाणी गोळा करायची, जहाजात घालायची, पलीकडे नेऊन आटवायची. चाळीसेक वर्षं हा उद्योग चालला. टांकसाळीनं नाणी पाडावीत आणि लंडन-पॅरिसच्या मुशींनी ती गिळावीत. शेवटी यंदाच्या जूनमध्ये काँग्रेसनं कायदा बदलला, प्रमाण सोळाच्या घरात नेलं आणि नव्या नाण्यातलं सोनं कमी केलं. आता दहा डॉलरच्या जुन्या नाण्यात, ज्याला ईगल म्हणतात त्यात, नव्या हिशेबानं दहा डॉलर सहासष्ट सेंटांचं सोनं भरतं. ते दहा डॉलर म्हणून खर्चणारा खुळाच म्हणायचा.

ढिगात हात घाला. पाच डॉलरचा अर्धा ईगल, साल १८२२, दिसतो का बघा. त्या वर्षी १७,७९६ अर्धे ईगल पाडल्याची नोंद आहे. आज जगात त्यातले तीन ठाऊक आहेत. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात, त्यातलं एक याच टांकसाळीच्या स्वतःच्या संग्रहातून तिथे गेलेलं. तिसरं मार्च २०२१च्या लिलावात ८४ लाख डॉलरला गेलं. सापडलंच तर उचलू नका असं मी म्हणणार नाही, फक्त चौथं घेऊन परतलात तर उरलेल्या तिघांच्या मालकांना तुमचा राग येईल एवढं ध्यानात ठेवा.

आपल्याला हवंय ते दुसरंच. दहा डॉलरचा ईगल, १८०४चा. मिळाला? उजेडात धरा. टोपी घातलेली लिबर्टी उजवीकडे पाहतेय, भोवती तेरा तारे, डावीकडे आठ आणि उजवीकडे पाच. मागच्या बाजूला ढाल छातीशी धरलेला गरुड, एका पंजात बाण, दुसऱ्यात ऑलिव्हची डहाळी. ‘दहा डॉलर’ कुठेच लिहिलेलं नाही. त्या काळात सोन्यानं आपली किंमत वजनानं सांगावी अशी अपेक्षा होती. आता तारखेतला इंग्रजी चार नीट बघा. त्याच्या आडव्या दांडीच्या टोकाला बारीकसा उभा काटा आहे. ही खूण विसरू नका. त्या वर्षी असे ३,७५७ ईगल पाडले आणि मग ईगल पाडणंच थांबवलं, पाडायचे कशाला, सगळे परदेशी जात होते. आज १८३४मध्येही ते बंदच आहेत. नव्या हिशेबानं जे काय होतात ते पैसे मोजा, नाणं खिशात टाका आणि वर चला.

वर संचालक सॅम्युएल मूर यांच्या मेजावर एक पत्र आलंय. तारीख ११ नोव्हेंबर, सही परराष्ट्रमंत्री जॉन फोर्सिथ यांची. एडमंड रॉबर्ट्स नावाचा न्यू हॅम्पशायरचा व्यापारी गेल्या वर्षी पूर्वेकडे जाऊन सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांच्याशी करार करून आलाय. आता त्या करारांची पक्की प्रत घेऊन त्याला पुन्हा जायचंय आणि रिकाम्या हातानं दरबारात जाता येत नाही. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी ठरवलंय, की भेटींमध्ये अमेरिकेच्या चलनातल्या प्रत्येक नाण्याचा एकेक नग असावा. सोनं, चांदी, तांबं, सगळं.

प्रत्येक नाण्याचा! अर्धा सेंट ते अर्धा ईगल तयार आहेत. अडलंय ते दोन नाण्यांपाशी. चांदीचा डॉलर आणि सोन्याचा ईगल कायद्यात आहेत, पण पाडून तीस वर्षं झाली. राजाला भेट द्यायची आणि पेटीत दोन खाचा रिकाम्या ठेवायच्या, हे कसं दिसेल? आणि पाडायचे तर त्यांवर साल कोणतं घालायचं? १८३४ घालावं तर बंद केलेलं नाणं सरकारनं परत सुरू केलं असं होईल. मग कोणीतरी जुनी वही काढतो. शेवटचे डॉलर आणि शेवटचे ईगल, दोन्ही नोंदींपुढे साल १८०४. प्रश्न मिटला.

खरं तर वहीनंच घोटाळा केला होता. १८०४मध्ये डॉलर पाडले हे खरं, पण जुने ठसे अजून चालत होते म्हणून तेच वापरले, आणि त्यांवर साल होतं आधीचं. म्हणजे १८०४ सालाचा डॉलर तोवर कधी अस्तित्वातच नव्हता. ईगलची गोष्ट निराळी, त्याचा खरा नमुना तर तुमच्या खिशातच आहे. मला विचाराल तर यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. सरकारी कचेरीत कागद जे सांगेल ते खरं मानून काम उरकायचं, तेवढंच झालं. पुढे कोणी भिंग घेऊन चारच्या दांडीकडे बघेल, हे त्या खोलीत कुणाच्याही डोक्यात आलेलं नाही. अमेरिकेत नाणी जमवायचा छंद असलेली माणसं अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

खाली मुख्य कॉइनर ॲडम एकफेल्ट यांच्या देखरेखीखाली ठसा बसवला जातोय. हा माणूस टांकसाळीच्या पहिल्या दिवसांपासून इथे आहे आणि त्याची एक सवय पुढे फार उपयोगी पडणार आहे. आटणीला आलेल्या नाण्यांतलं एखादं वेगळं दिसलं की तो ते बाजूला काढून ठेवतो. टांकसाळीचा संग्रह त्यातूनच उभा राहिला. वाफेवर चालणारं छापयंत्र यायला अजून सव्वा वर्ष आहे, तेव्हा हे काम स्क्रू-प्रेसवर, माणसांच्या बळावर. ठसे आरशासारखे घासलेत, चकती घासलीय. लांब दांडा गर्रकन फिरतो, स्क्रू उतरतो, चकती दबते. बाहेर येतं ते नाणं खर्चायचं नाही, दाखवायचं आहे. पार्श्वभूमी काळ्या पाण्यासारखी खोल आणि त्यावर लिबर्टी दुधट उमटलेली. संग्राहक याला ‘प्रूफ’ म्हणतात. खिशातला तुमचा ईगल काढून शेजारी धरा. तेच साल, तीच बाई, तोच गरुड. फक्त नव्या नाण्यातल्या चारच्या दांडीला काटा नाही आणि कडेचे दाते मण्यांसारखे गोल झालेत. तीस वर्षांत अवजारं बदलली, ते लपलं नाही.

नाण्यांसाठी मोरोक्को चामड्याच्या पेट्या होतात. एक पिवळी, एक किरमिजी. पिवळी सयामसाठी.

समुद्रप्रवासाचं वर्णन मी करत नाही. एप्रिल १८३५मध्ये न्यूयॉर्कहून ‘पीकॉक’ हे लढाऊ जहाज सुटतं, तुम्ही त्यावर आहात, आणि खारवलेलं मांस पाच महिने खाऊन सप्टेंबरात अरबस्तानच्या किनाऱ्याला, मसिरा बेटाजवळ पोहोचता. तिथे जहाज प्रवाळावर चढतं. हलकं व्हावं म्हणून तोफा समुद्रात फेकतात. लुटारूंची गलबतं भोवती घिरट्या घालतात. रॉबर्ट्स एक लहानशी उघडी होडी घेऊन मदत आणायला मस्कतला निघतो आणि पोहोचतोही. जहाज सुटतं, पण अंगावर जखमा घेऊनच. सुलतान सय्यद सईद मनाचा मोठा निघाला, त्यानं मदत पाठवली, पाहुणचार केला, आणि फेकलेल्या तोफा पुढे काढवून दिल्या त्याही फुकट. किरमिजी पेटी त्याच्या दरबारात राहिली. पिवळी अजून जहाजावर आहे, आणि अशा जहाजानं सयाम गाठता येणार नाही. जवळ चांगली गोदी कुठे, तर मुंबईला.

ऑक्टोबर १८३५. ‘पीकॉक’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला चढलंय. वाडियांच्या हाताखालचे सुतार सागवानाच्या फळ्या घेऊन तळाशी लागलेत. काम काही आठवडे चालणार. जहाजावरचे डॉक्टर रुशेनबर्गर वही घेऊन शहर बघत हिंडताहेत, पुढे त्यांचं प्रवासवर्णन छापून येईल. पिवळी पेटी कुलपात आहे, ती तुम्हाला मिळणार नाही. पण खिशातला ईगल तुमचा आहे. किल्ल्याबाहेर पडा आणि सराफाची पेढी गाठा.

“बसा राव,” सराफ म्हणतो. नाणं हातात घेतो, उलटसुलट करतो, पेढीच्या दगडावर आपटून नाद ऐकतो. “फिरंगी?”

“अमेरिकेचं.”

“राजा दिसत नाही. ही राणी का?”

“राजाही नाही, राणीही नाही.”

“मग राज्य चालवतं कोण?” उत्तराची वाट न बघता तो तराजू पुढे ओढतो. एका पारड्यात तुमचा ईगल. दुसऱ्यात कंपनीचा नवा रुपया, जो १ सप्टेंबरपासून कायद्यानं चालू झालाय आणि अजून गल्ल्यात फारसा दिसत नाही, विल्यम राजाचं तोंड असलेला. पारडं झुकलेलंच. मग तो त्यात अर्धा रुपया टाकतो. काटा मध्यावर येऊन थांबतो.

“दीड तोळा. बरोब्बर.”

हा योगायोग मला फार आवडतो. रुपयाचं वजन १८० ग्रेन, तोच एक तोळा. अमेरिकेच्या जुन्या कायद्यानं ईगलचं वजन २७० ग्रेन. दोन देशांच्या दोन कायद्यांनी एकमेकांना न विचारता ठरवलेली वजनं मुंबईच्या तराजूत केसभरही कमी-जास्त होत नाहीत. कसही तोच. जुना ईगल बावीस कॅरटचा, कंपनीची मोहरही बावीस कॅरटची. सराफ ईगलची कड कसोटीवर ओढतो, शेजारी मोहरेची रेघ मारतो, दोन्ही रेघा उन्हाकडे धरतो आणि मान हलवतो. मोहर पंधरा रुपयांची, तेव्हा दीडपट म्हणजे साडेबावीस. “आमचा बट्टा कापून बावीस देतो.”

तुम्ही विकत नाही. तो मग विचारतो, मागे कडी लावून देऊ का? व्हेनिसच्या मोहरांच्या पुतळ्या करून आपल्या बायका गळ्यात घालतात, त्यात हे मोठं नाणं मध्ये शोभेल. नाही म्हणा. डाग दिलेलं नाणं दागिना होतं आणि संग्राहकाच्या लेखी मरतं. रिठ्याच्या पाण्यात घालून लखलखीत करून देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

आता त्याला पेटीतल्या नाण्यांची गोष्ट सांगा. तीस वर्षांपूर्वीचं साल घालून गेल्या वर्षी पाडलेलं सोनं, राजाला भेट म्हणून. तुम्हाला वाटतं तो थक्क होईल. तो गल्ल्यात हात घालतो आणि मुंबईच्या टांकसाळीचा जुना रुपया तुमच्यापुढे टाकतो. त्यावर शाह आलम बादशहाचं नाव, राज्यारोहणाचं ४६वं वर्ष. बादशहा १८०६मध्ये वारला. त्यानंतर कितीतरी वर्षं कंपनी त्याच्याच नावाचा, त्याच वर्षाचा रुपया पाडत राहिली. यालाही कारण आहे, आणि ते सराफांच्या पोटावर पाय देणारं आहे. रुपयावरचं साल जुनं झालं की सराफ त्यावर बट्टा कापायचे, नाणं झिजलेलं असो वा नसो. बंगालमध्ये कंपनीनं त्यावर तोड काढली. साल १९व्या वर्षावर गोठवूनच टाकलं. सगळेच रुपये एका सालाचे, मग जुना कोणता आणि नवा कोणता? मुंबईच्या टांकसाळीनंही ४६ तसंच धरून ठेवलं.

“तारीख काय वाचायची असते राव?” सराफ विचारतो. “वजन करायचं असतं.”

फिलाडेल्फियाच्या आटणीतले लोकही हेच म्हणाले असते. पुढच्या शंभर वर्षांत या एका बाबतीत जग उलटंपालटं होणार आहे.

मार्च १८३६मध्ये ‘पीकॉक’ सयामच्या आखातात पोहोचतं आणि एप्रिलमध्ये पिवळी पेटी बँकॉकच्या दरबारात, तिसऱ्या रामाच्या हाती. समारंभ मोठा होता. जूनच्या १२ तारखेला रॉबर्ट्स मकावला आजारानं मरतो. पुढच्या दरबारांसाठी आणलेल्या भेटी तशाच राहतात.

यानंतर सव्वाशे वर्षं पेटीचा पत्ता नाही. एक दुवा सांगतात तो असा. चौथ्या रामाच्या, म्हणजे मोंगकुट राजाच्या महालात १८६२ ते १८६७ मुलांना शिकवायला ॲना लिओनोवेन्स नावाची बाई होती, ‘द किंग अँड आय’मधली तीच. राजानं पेटी तिला दिली आणि ती तिच्या वंशजांकडे गेली, असं म्हणतात. कागदी पुरावा नाही, तेव्हा ही आख्यायिकाच धरा. पण या बाईचा पुरावा आपल्या दारात आहे. तिचा जन्म अहमदनगरचा, १८३१चा, आणि लग्न पुण्यात झालेलं. आपण वेल्समध्ये १८३४ साली जन्मलो असं ती आयुष्यभर सांगत राहिली. नेमकं १८३४! पेटीनं मालकीण शोधली असेल तर चांगली शोधली, असं माझ्यासारख्याला वाटतं, इतिहासकारांनी नाक मुरडलं तरी.

आता उडी मारा. डेट्रॉइट, ऑगस्ट १९६२. अमेरिकी नाणकशास्त्र संघटनेचं अधिवेशन भरलंय. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट या दोन अभ्यासकांचं १८०४च्या डॉलरवरचं पुस्तक छापायला गेलंय. त्या डॉलरला तोवर अमेरिकी नाण्यांचा राजा म्हटलं जाऊ लागलंय आणि तो कुठून आला यावर पिढ्यांचं भांडण आहे. कोणी म्हणे जहाज बुडालं, कोणी म्हणे चाच्यांनी नेले. या दोघांनी जुना पत्रव्यवहार उकरून दाखवलं, की हे डॉलर १८३४-३५मध्ये भेटीसाठी पाडले. आणि लंडनच्या स्पिंक पेढीचे डेव्हिड स्पिंक नेमकी तीच पेटी घेऊन अधिवेशनात येतात. पिवळं मोरोक्को चामडं, आत नाणी आपापल्या खाचांत, १८०४चा डॉलर आणि १८०४चा ईगल इतर १८३४च्या नाण्यांच्या रांगेत. पुस्तक थांबवून त्यात हा पुरावा घालावा लागला. इतकं वेळेवर कोणी साक्षीला येत नाही.

इथून पुढे आकडेच आकडे आहेत, भराभर ऐका. २००५मध्ये ती पेटी ८५ लाख डॉलरला विकली गेली. जानेवारी २०२१मध्ये पेटीतल्या ईगलचं एक भावंड, तसाच काटा नसलेल्या चारचा १८०४चा प्रूफ, लिलावात ५२ लाख ८० हजार डॉलरला गेलं. दीड तोळ्याचं नाणं! नुसतं सोनं आटवलं तर एक लाख डॉलर सोडाच, त्याच्या जवळपासही जाणार नाही. उरलेले सगळे पैसे मोजले जातात ते त्या चारसाठी, पिवळ्या पेटीच्या गोष्टीसाठी आणि असे नग जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत म्हणून. ज्या वर्षी हे नाणं खरोखर पाडलं ते साल त्यावर असतं, तर तेही दुर्मीळच ठरलं असतं, पण ही गोष्ट त्याला नसती.

मला स्वतःला तुमच्या खिशातला काटेवाला चार जास्त जवळचा वाटतो. तो खऱ्या १८०४मध्ये पाडला, कुणीतरी त्यात घोडा विकत घेतला असेल, कुणीतरी पगार दिला असेल. मुशीच्या तोंडाशी जाऊन परत आला. पण संग्राहकांच्या बाजारात माझ्या मताला भाव नाही. खऱ्या तारखेचे ईगल पन्नास-शंभर तरी उरलेत, आणि बहुतेक नगांना हजारांच्या हिशेबात डॉलर मिळतात.

तरी तो विकायला आणलाच आहे तर दाखवा. नाण्यांच्या पेढीवरचा माणूस सुती हातमोजे नाही, स्वच्छ धुतलेली बोटं वापरतो, आणि नाणं फक्त कडेनं धरतो. भिंग लावतो. तारे मोजतो, लिबर्टीच्या गालावरची झीज बघतो, मनात सत्तर गुणांच्या मापावर कुठेतरी आकडा लावतो. शेल्डन नावाच्या माणसानं १९४९मध्ये तांब्याच्या सेंटांसाठी बसवलेलं ते माप आता सगळ्यांनाच लागतं. “चांगलं आहे,” तो म्हणतो, “धुतलेलं नाही, कडी लावल्याचा डाग नाही.” तुम्ही मनात मुंबईच्या सराफाला दिलेल्या दोन नकारांबद्दल स्वतःची पाठ थोपटता. मग तो नाणं हळूच फिरवतो आणि थांबतो. कडेचा एवढासा भाग सपाट झालाय.

“हे कुणीतरी दगडावर घासलंय.”

खरंय. ज्या रेघेनं मुंबईत त्याचं सोनेपण सिद्ध झालं, तिनंच इथे घात केला. प्रमाणपत्र देणारी कंपनी नाणं अस्सल म्हणेल, पण प्लास्टिकच्या डबीवर गुणांऐवजी ‘डिटेल्स’ असं छापेल, आणि ते छापलं की किंमत उतरते. तो थोडा विचार करून आकडा सांगतो. बावीस रुपयांहून तो बराच जास्त आहे. आता घासाघीस करायची की नाही, ते तुम्ही बघा.